सेफीड तारे आणि दीर्घिकांची अंतरे

सेफीड हे ठरावीक आवर्तकालाने फुगणारे व आक्रसणारे महातारे होत. अशा ताऱ्याचा आवर्तकाल जितका मोठा, तितकी त्याची खरी दीप्ती अधिक. आवर्तकाल मोजायला अंतर माहीत असावे लागत नाही. त्यावरून खरी दीप्ती काढायची, तिच्याशी दिसणारे तेज ताडून पाहायचे, की अंतर मिळते. कारण तेज अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १० दिवसांचा सेफीड सूर्याच्या काही हजार पट दीप्तिमान असल्याने तो शेजारच्या दीर्घिकांमध्येही सुटा दिसतो.

या वर्गाला नाव देणारा तारा वृषपर्वा (सेफियस) तारकासमूहातील डेल्टा. जॉन गुडरिक यांनी १७८४ मध्ये त्याचे रूपविकारित्व, म्हणजे तेज बदलत राहणे, ओळखले. नाशिकहून (अक्षांश सुमारे २०° उ.) तो ऑक्टोबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला ५० अंशांहून थोडा वर असतो, पावसाळी ढग तोवर बहुधा ओसरलेले असतात. ५.३७ दिवसांत त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) ३.५ ते ४.४ अशी बदलते: चढण दीडएक दिवसाची, उतरण जवळजवळ चार दिवसांची. शेजारचे झीटा (३.४) व एप्सिलॉन (४.२) तुलनेला सोयीचे आहेत. शहराच्या उजेडात मात्र मंद अवस्थेतला डेल्टा हरवतो. अंजनेरीच्या पलीकडे गेलेले बरे. ध्रुवताराही सेफीडच, पण त्याचा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

स्पंदनाचे कारण ताऱ्याच्या बाह्य भागातील हेलियमच्या थरात आहे. थर दाबला गेला की हेलियमचे आयनीभवन (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटणे) वाढते, तो प्रारणाला अपारदर्शक होतो, उष्णता अडते आणि तारा फुगतो. फुगल्यावर थर निवतो, उष्णता निसटते, तारा पुन्हा आक्रसतो.

हा नियम ज्या ताऱ्यांवरून सापडला, ते नाशिककरांना कधीच दिसत नाहीत. लहान मॅगेलनी मेघ ही आपल्या शेजारची छोटी दीर्घिका इतकी दक्षिणेला आहे की येथे ती क्षितिजावर येत नाही. नियम शोधणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनाही हा मेघ अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेतून दिसत नव्हता. त्यांनी पेरूतील आरेकीपा येथे घेतलेल्या छायाचित्रण-काचा तपासल्या. १९१२ मध्ये त्यांनी या मेघातील २५ ताऱ्यांवरून आवर्तकाल व दीप्ती यांचा संबंध मांडला. सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे जवळपास सारख्याच अंतरावर. त्यामुळे त्यांच्या दिसणाऱ्या तेजातला फरक हा खऱ्या दीप्तीतलाच फरक ठरला. पद्धतीचे मर्म या निवडीत आहे.

एडविन हबल यांना १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेत सुमारे ३१ दिवसांचा सेफीड सापडला. अंतर निघाले ९ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. आजचा आकडा सुमारे २५ लाख. तरी देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर आहे, हे सिद्ध व्हायला तेवढे पुरले. चुकीचे मोठे कारण वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवले: सेफीड दोन जातींचे असतात, आणि एकीचे मोजमाप दुसरीला लावले गेले होते. अंतरे एकदम दुप्पट झाली.

खरी अडचण आजही शून्यबिंदूचीच आहे, म्हणजे अमुक आवर्तकालाला नेमकी किती दीप्ती धरायची याची. वाटेतली धूळ तेज कमी करते, ताऱ्यातील जड मूलद्रव्यांचे प्रमाण दीप्तीवर परिणाम करते. म्हणून गाया उपग्रहाने मोजलेल्या जवळच्या सेफीडांच्या पराशयावर (पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्याच्या दिसणाऱ्या जागेत पडणाऱ्या फरकावर) सारे प्रमाणीकरण तोलले जाते. सुमारे १० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे अतिदीप्त नवताऱ्यांचा (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा) आधार घ्यावा लागतो, आणि त्यांचेही प्रमाणीकरण सेफीडांवरूनच होते. या मार्गाने हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग, सुमारे ७३ किमी/से. प्रति मेगापार्सेक (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) येतो. विश्वाच्या आरंभकाळातून उरलेल्या आदिम सूक्ष्मतरंग प्रारणावरून मात्र सुमारे ६७. हा वाद अजून मिटलेला नाही.