अमेरिकेतील चिनी टाँग आणि रस्त्यावरच्या टोळ्या

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क आणि अमेरिकेतल्या इतर शहरांच्या चायनाटाउनमध्ये ‘टाँग’ नावाची मंडळे आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या गुन्हेगारी टोळ्या वावरत होत्या. टाँग हे मुळात मदतमंडळ. नव्याने आलेल्याला काम मिळवून देणे, भांडण मिटवणे, मेलेल्याची सोय लावणे ही त्याची कामे. शपथविधी आणि गुप्ततेची रीत चीनमधल्या जुन्या गुप्त संघटनांकडून आली होती. ‘ची कुंग टाँग’ने तर चीनमधली राजेशाही उलथवणारे नेते सन यत्-सेन यांच्या क्रांतिकार्याला मदत केली. त्यामुळे टाँग म्हणजे गुन्हेगारांची संघटना, हे समीकरण चुकीचे आहे. सभासदांपैकी बहुतेक जण धोबी, आचारी आणि दुकानदार होते. मात्र जुगार, अफू आणि वेश्याव्यवसाय यांवरचा ताबा काही टाँगच्या हातात गेला, आणि तो राखण्यासाठी त्यांनी मारेकरी पोसले.

ही वेळ का आली, याचे उत्तर बऱ्याच अंशी अमेरिकन कायद्यात सापडते. १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी माणसाची गोऱ्या माणसाविरुद्धची साक्ष अग्राह्य ठरवली. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचे येणे जवळजवळ बंद झाले, तर १८८२ च्या बंदी कायद्याने मजुरांनाही दार लावून घेतले. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या चिनी लोकांत दर १०० स्त्रियांमागे सुमारे २,७०० पुरुष होते. ज्याला नागरिकत्व नाही, संसार नाही आणि कोर्टात आवाज नाही, त्याने न्याय मागायचा तरी कोणाकडे? ती जागा टाँगने घेतली. एकट्या पुरुषांच्या वस्तीत जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने चालले आणि पोलिसांना त्यांचे हप्ते पोचत राहिले. सर्वांत भयंकर किंमत मोजली ती फसवून किंवा विकत आणलेल्या मुलींनी. सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्रामेंटो स्ट्रीटवरच्या मिशनमधून डोनाल्डिना कॅमेरून यांनी अशा मुलींची सुटका करण्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली.

सॅन फ्रान्सिस्कोत ‘लिटल पीट’ नावाने ओळखला जाणारा म्होरक्या फाँग चिंग याचा जानेवारी १८९७ मध्ये न्हाव्याच्या दुकानात खून झाला. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत तिथले जुने चायनाटाउनच बेचिराख झाले. न्यूयॉर्कमध्ये झुंज होती ती टॉम ली यांच्या ‘ऑन लिआँग’ची आणि मॉक डक याच्या ‘हिप सिंग’ची. डॉयर्स स्ट्रीट ही इनमीन एका वळणाची गल्ली. वळणापलीकडे कोण दबा धरून आहे ते दिसत नसे, म्हणून तिचे नाव ‘रक्तरंजित कोपरा’ पडले. ६ ऑगस्ट १९०५ रोजी याच गल्लीतल्या चिनी नाट्यगृहात प्रयोग चालू असताना फटाक्यांची माळ लावण्यात आली आणि त्या कडकडाटात हिप सिंगच्या माणसांनी प्रेक्षकांत बसलेल्या ऑन लिआँगच्या सभासदांवर गोळ्या झाडल्या. वर्तमानपत्रांनी अशा बातम्या मीठमसाला लावून छापल्या. पर्यटकांना दाखवण्यासाठी अफूचे खोटे अड्डेही मांडले जात. त्या बदनामीचे ओझे संपूर्ण समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वाहिले.

बंदी कायदा १९४३ मध्ये उठला, पण वर्षाला जेमतेम १०५ जणांना प्रवेश होता. स्थलांतराची दारे मोकळी करणाऱ्या १९६५ च्या कायद्यानंतर मात्र हाँगकाँगहून कुटुंबेच्या कुटुंबे आली. आईबाप शिवणाच्या कारखान्यात किंवा हॉटेलच्या भटारखान्यात बारा-बारा तास राबत. मुलांना इंग्रजी येत नसे, शाळेत मार बसे. यांतूनच सॅन फ्रान्सिस्कोत ‘वा चिंग’ आणि तिच्यातून फुटलेली ‘जो बॉइज’, तर न्यूयॉर्कमध्ये ‘घोस्ट शॅडोज’ आणि ‘फ्लाइंग ड्रॅगन्स’ या टोळ्या वाढल्या. घोस्ट शॅडोजचा मॉट स्ट्रीट ऑन लिआँगच्या छत्राखाली, फ्लाइंग ड्रॅगन्सचा पेल स्ट्रीट हिप सिंगच्या. पोरांनी जुगाराच्या अड्ड्यांवर पहारा द्यायचा आणि त्या बदल्यात गल्लीतल्या दुकानांकडून खंडणी उकळायची, असा व्यवहार होता. ती मागण्याची तऱ्हा वरकरणी सभ्य असे. नववर्षाला लाल पाकीट, म्हणजे शुभेच्छेचे पैसे, मागायचे, सणाला कुंडीतले रोप अव्वाच्या सव्वा किमतीला गळ्यात मारायचे, पोटभर जेवून बिल न देता निघायचे. मालक तक्रार करत नसत. पोलीस घरी परत जाणार आणि टोळी गल्लीतच राहणार, हे त्यांना ठाऊक होते.

४ सप्टेंबर १९७७ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘गोल्डन ड्रॅगन’ रेस्टॉरंटमध्ये जो बॉइजच्या बंदूकधाऱ्यांनी वा चिंगच्या पोरांना टिपण्यासाठी गोळीबार केला. पाच जण ठार आणि अकरा जखमी झाले. मेलेल्यांपैकी एकही टोळीचा सभासद नव्हता. त्यानंतर शहर पोलिसांनी टोळीविरोधी विशेष पथक उभारले. १९८३ मध्ये सिअ‍ॅटलच्या ‘वा मी’ जुगारगृहात लुटारूंनी चौदा जणांना बांधून गोळ्या घातल्या, त्यांतले तेरा जण मेले. मरणाऱ्यांत सगळे चिनी वस्तीतलेच होते.

पुढे फुजियान प्रांतातून होणाऱ्या चोरट्या स्थलांतरात ‘फुक चिंग’ टोळी शिरली. एका माणसाला अमेरिकेत पोचवण्याचे दर सुमारे तीस हजार डॉलरपर्यंत गेले होते. कर्ज फिटले नाही की ओलीस ठेवून मारहाण होई. ६ जून १९९३ रोजी ‘गोल्डन व्हेंचर’ जहाज २८६ जणांसह न्यूयॉर्कच्या रॉकअवे किनाऱ्यावर रुतले. काहीच दिवस आधी न्यू जर्सीत टोळीच्या अंतर्गत वादातून खून पडले होते, त्यामुळे माणसे उतरवून घेणाऱ्या होड्या आल्याच नाहीत. थंड पाण्यात उड्या मारलेल्यांपैकी दहा जण दगावले. या जहाजासाठी पैसा पुरवणाऱ्या चेंग चुई पिंग ऊर्फ ‘सिस्टर पिंग’ यांना २००६ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला.

संघटित गुन्हेगारीविरोधी ‘रिको’ कायद्याखाली १९८५ पासून घोस्ट शॅडोजच्या म्होरक्यांवर खटले चालले आणि १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या जुन्या टोळ्यांचा जोर ओसरला. सॅन फ्रान्सिस्कोत ‘ची कुंग टाँग’चा प्रमुख रेमंड ‘श्रिम्प बॉय’ चाऊ याला २०१६ मध्ये खून व इतर गुन्ह्यांबद्दल जन्मठेप झाली. याच तपासात अडकलेले कॅलिफोर्नियाचे माजी राज्य सिनेटर लीलंड यी यांनाही त्याच वर्षी पाच वर्षांची शिक्षा झाली.