शहराचं डिजिटल ट्विन: दोन वाटांची पार्श्वभूमी

शहराचं डिजिटल ट्विन म्हणजे संगणकात उभी केलेली त्याची प्रतिकृती. शहराची प्रतिकृती करण्याची हौस जुनी आहे, आणि सुरुवातीला तिचा नगररचनेशी फारसा संबंध नव्हता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, तटबंदीच्या शहरांचे लाकूड-कागदाचे भलेमोठे नमुने बनू लागले, बहुतेक १:६०० प्रमाणात. वेढा कुठून पडेल, तोफा कुठे लावायच्या, हे नमुन्याभोवती फिरून ठरवता यावं म्हणून.

तीनशे वर्षांनी, १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी, न्यूयॉर्कची मोठी बांधकामं हाताळणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी अख्खं न्यूयॉर्क १:१२०० प्रमाणात उभं करून घेतलं. एम्पायर स्टेट बिल्डिंग त्यात जेमतेम सव्वा फुटाची! काम अफाट, पण अशा नमुन्याचं दुखणं एकच: शहर बदलतं, लाकूड बदलत नाही. १९९२ मध्ये मोठी डागडुजी झाली, तेव्हा त्यात सुमारे ८,९५,००० इमारती होत्या.

ही झाली आकाराची वाट. दुसरी वाट वागणुकीची. १९६४ मध्येच संशोधक आयरा लाउरी यांनी पिट्सबर्गसाठी, नोकऱ्या कुठे आहेत त्यावरून लोक कुठे राहतील याचं गणित मांडलं. बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स अमेरिकेतल्या एमआयटीत आले आणि त्यांना खोली मिळाली जे फॉरेस्टर या संगणकी मॉडेलं रचणाऱ्या प्राध्यापकांच्या शेजारची. त्या शेजारातून १९६९ चं फॉरेस्टर यांचं ‘अर्बन डायनॅमिक्स’ हे पुस्तक आणि त्यातलं शहराचं मॉडेल निघालं. गंमत म्हणजे मॉडेलमधल्या या शहराला नकाशाच नव्हता, उपनगरंही नव्हती. होते ते घरं, उद्योग आणि माणसांचे आकडे. तरीही स्वस्त घरं बांधल्याने शहराचं भलं होत नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. वाद पेटणारच होता. १९७३ मध्ये नियोजनतज्ज्ञ डग्लस ली यांनी एका लेखात अशा अवाढव्य मॉडेलांचं श्राद्धच घातलं. त्यांनी दाखवलेल्या सात दोषांपैकी एक होता माहितीची न भागणारी भूक. मला आजही तोच सर्वांत खरा वाटतो.

भूक भागवायला पुढे लेझर सर्वेक्षण आणि जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडणारी संगणक-प्रणाली, आलं. २००८ मध्ये ‘सिटीजीएमएल’ हे शहरांची त्रिमितीय मॉडेलं साठवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. त्यात एकच घर वेगवेगळ्या तपशिलांत मांडता येतं: आधी नुसता ठोकळा, मग छपराचा उतार, मग दारं-खिडक्या. आवाज किती पसरेल हे बघायला बऱ्याचदा ठोकळा पुरतो. छतावर सौरऊर्जा किती मिळेल हे काढायचं तर उतार हवाच. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव मात्र कारखाने आणि अवकाशयानांच्या जगातून आलं.

सिंगापूरने २०१४ मध्ये ‘व्हर्च्युअल सिंगापूर’ जाहीर केलं. जपानने २०२० मध्ये ‘प्लॅटो’ प्रकल्प सुरू करून शहरांची त्रिमितीय मॉडेलं सर्वांना खुली केली. नदीला पूर आला तर इमारतीच्या कितव्या मजल्यापर्यंत पाणी चढेल, हे त्यात दिसतं. लोक वरच्या मजल्यावर थांबतील की गाडी काढून रस्त्यावर येतील, हे मात्र आजही त्या दुसऱ्या वाटेवरच शोधावं लागतं.