बोंडअळीच्या आतड्यातले भोक : ‘बीटी’ची पार्श्वभूमी

कापसाच्या बियाण्याच्या पाकिटात ४५० ग्रॅम सरकी आणि सोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची. मोठ्या पाकिटात ‘बीटी’, पुडीत ‘नॉन-बीटी’. पुडी अनेकदा पेरलीच जायची नाही. तिच्याकडे शेवटी येऊ. विदर्भ-मराठवाड्यात ‘बीटी’ हा शब्द इतका रुळला आहे की ते कापसाच्या वाणाचेच नाव वाटते. खरे तर ती ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूच्या नावाची आद्याक्षरे. त्याच्या एका प्रथिनाने आतड्याला भोके पाडली, की बोंडअळी मरते.

गोष्ट सुरू झाली रेशमापासून. जपानमध्ये रेशीमकिडे अचानक लुळे पडून मरत. या रोगाला तिथे ‘सोत्तो’, म्हणजे एकाएकी कोसळणे, असे नाव होते. १९०१ मध्ये शिगेताने इशिवाता यांनी मेलेल्या अळ्यांमधून त्याचा जिवाणू वेगळा केला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना थुरिंजिया प्रांतातल्या पिठाच्या पतंगाच्या अळीत तसाच जिवाणू सापडला. नाव पडले ते या प्रांताचे. जपान्यांनी आधी पाहिलेल्या जिवाणूला जर्मन प्रांताचे नाव चिकटले, विज्ञानात हे नवे नाही. बर्लिनर यांना जिवाणूच्या पेशीत बीजाणूशेजारी एक बारीक कणही दिसला होता. तो काय करतो, हे कळायला चाळीसेक वर्षे गेली. दरम्यान १९३८ मध्ये फ्रान्समध्ये या जिवाणूची भुकटी कीटकनाशक म्हणून बाजारात आलीसुद्धा.

१९५३ मध्ये कॅनडाच्या हॅने यांनी तो कण स्फटिक असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी अँगस यांनी स्फटिक अल्कधर्मी द्रावात विरघळवून, गाळून रेशीमकिड्यांना पाजले. जिवाणू नव्हता, तरी अळ्या लुळ्या पडल्या. म्हणजे विष स्फटिकातच होते, आणि विरघळल्याशिवाय ते कामाचे नव्हते.

सगळी मेख या विरघळण्यात आहे. पतंगवर्गातल्या अळ्यांचे आतडे कमालीचे अल्कधर्मी असते. तिथे स्फटिक विरघळतो आणि अळीचीच पाचक विकरे त्या लांबलचक प्रथिनाचा जवळपास अर्धा भाग छाटून टाकतात. उरलेला भाग आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना (रेणू अडकण्याच्या खुंट्यांना), विशेषतः कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला, जाऊन धरतो. धरले की विषाचे रेणू एकमेकांना जुळतात आणि त्यांचा गट पेशीपटलात घुसतो. आपल्या पोटात आम्ल असते आणि हे ग्राही नसतात, त्यामुळे ही साखळी आपल्यात पुरीच होत नाही.

भोक जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पण तेवढ्यातून क्षार मोकळे ये-जा करू लागतात. पेशीतली मोठी प्रथिने मात्र बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या ओढीने पाणी आत शिरत राहते. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी पेशी फुगते आणि फुटते. आतडे ठप्प होते, अळी खाणे सोडते. हे भोकाचे गणित केंब्रिजच्या नोल्स आणि एलर यांनी १९८७ मध्ये मांडले. १९९१ मध्ये एलर यांच्याच गटाने अशा एका प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली : तीन भाग, त्यातल्या एकात सात सर्पिलांची, म्हणजे मळसूत्रासारख्या वेटोळ्यांची, मोळी. यातली दोन सर्पिले पटलात शिरतात आणि बाकीची वर छत्रीसारखी पसरतात, असे मानले जाते. सर्वांना हे पटले असेही नाही. २००६ च्या सुमारास एका अमेरिकन गटाने भोकाशिवाय, ग्राहीतून निघालेल्या संदेशानेच पेशी मरते असे मांडले. मला भोकाची बाजू भक्कम वाटते.

१९८१ मध्ये या विषाचे जनुक प्रथमच वेगळे करण्यात आले. १९८७ मध्ये बेल्जियममध्ये ते तंबाखूत घातले गेले, म्हणजे विष आता झाडच बनवू लागले. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी कापसाला केंद्राने परवानगी दिली. त्यातले विष एकच, क्राय-१एसी. २००६ मध्ये क्राय-२एबी हे दुसरे जोडले गेले.

आता पुडी. विषाला दाद न देणारी एखादी दुर्मीळ अळी जगलीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार म्हणून नॉन-बीटी ओळींतले साधे पतंग भरपूर मिळावेत, हा पुडीचा हेतू. प्रतिकाराचा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते, त्यामुळे अशा जोडीची पिल्ले बीटी झाडावर मरतात. पण पुडी पेरली गेली नाही. त्यात लांब मुदतीचे संकरित वाण, वर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पीक न काढता पुन्हा घेतलेला बहर. गुलाबी बोंडअळीचे पोट आपल्याकडे मुख्यतः कापसावरच, तेव्हा तिला महिनोन्महिने एकच पाठ गिरवायला मिळाला.

२०१० मध्ये गुजरातेत पहिल्या विषाला ती दाद देईनाशी झाल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात दोन विषांच्या बीटीवरही बोंडे पोखरली गेली. अळीने विष बदलले नाही की पचवूनही टाकले नाही. तिने ते अडकते ती खुंटीच मोडली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय शेतांतल्या गुलाबी बोंडअळ्यांमध्ये कॅडहेरिनचे मोडकेतोडके नमुने आढळले, एक-दोन नव्हे, अनेक प्रकारचे. दुसऱ्या विषाशी निगडित एबीसीए-२ हे प्रथिनही पुढे इथल्या अळ्यांमध्ये बिघडलेले सापडले. शेतकऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला दिसते ती डोमकळी : पाकळ्या गुरफटून बसलेले, न उमललेले फूल. उघडले की आत जिवंत अळी.