शॉवर एन्क्लोजर

न्हाणीघरातली शॉवरखालची ओली जागा बाकीच्या कोरड्या जागेपासून तोडण्यासाठी उभारलेला, बहुधा काचेचा, आडोसा. बोलताना ‘काचेचं पार्टिशन’ एवढाच शब्द पुरतो.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्तीतल्या घरांना या वस्तूची गरज नव्हती. मोरी वेगळी, संडास परसात. मोरीत तांब्याचा बंब आणि घंगाळ. तिथे सगळेच ओले, मग काय कशापासून वेगळे करायचे? संडास, बेसिन आणि न्हाणी एकाच खोलीत आल्यावर फरशी दिवसभर ओली राहू लागली आणि आडोशाचा प्रश्न उभा राहिला.

निवड करताना लोक आधी काच बघतात. खरे तर आधी बघायचा तो उतार. ओल्या भागाची फरशी जाळीकडे साधारण चार फुटांत एक इंच उतरती हवी. जाळीखालच्या भांड्याला देशभरचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द असा सगळीकडे पोचलेला आहे. काचेची मापे देण्यापूर्वी फरशीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे धावते हे पाहावे. दाराकडे धावत असेल तर कितीही महाग काच आणि रबर लावले तरी ते खालून बाहेर येणारच. उतार पुन्हा काढणे शक्य नसेल तर ग्रॅनाइटची दीड-दोन इंची पट्टी उंबऱ्यासारखी बसवतात. घरात वयस्कर माणसे असतील तर हाच उंबरा ठेच लागायला कारण होतो.

दुसरा प्रश्न घरातली माणसे अंघोळ कशी करतात हा. शॉवर असूनही अनेक घरांत बादली, तांब्या आणि बसायला पाट किंवा स्टूल कायम असते. दिवाळीत तेल-उटणे लावून पोराला न्हाऊ घालायचे तर घालणारा आणि न्हाणारा अशा दोघांची जागा लागते. तीन फूट बाय तीन फूट हे चारही बाजूंनी बंद चौकटीचे व्यवहारात किमान माप धरतात, पण ते एकट्याने उभे राहून अंघोळ करणाऱ्यापुरते. बादलीवाल्या घराला दरवाजा नसलेली एकच स्थिर काच पुष्कळदा जास्त सोयीची पडते. ती स्वस्त असते आणि तिच्यात बिघडण्यासारखे काही नसते. जागा अरुंद असल्यास सरकता दरवाजा बरा, पण त्याच्या खालच्या खाचेत साबणाचा गाळ बसतो. बिजागरीचा दरवाजा बाहेर उघडणाराच घ्यावा. आत कोणी घसरून पडले तर आत उघडणारे दार त्या माणसालाच अडते.

काच टफन केलेलीच हवी. साधी काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केली की पृष्ठभाग दाबाखाली येतो आणि ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता बारीक खडे होतात. मात्र टफन केल्यावर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून मापे भिंतीच्या टाइल्स लागल्यावरच, वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, ओळंबा लावून घ्यावीत. अर्धा इंच चुकला तर ती काच टाकून नवी करावी लागते.

फ्रेम नसलेल्या रचनेत ८ किंवा १० मिलिमीटर जाडी वापरतात. काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. म्हणजे अडीच फूट रुंद, साडेसहा फूट उंच काच ८ मिलिमीटरची असल्यास सुमारे ३० किलो, १० ची ३८ किलो. पेठेतल्या जुन्या घराच्या अरुंद जिन्यावरून ती वर जाईल का, हे ऑर्डरच्या आधीच बघावे! भिंत मातीत बांधलेल्या विटांची असेल तर एवढे वजन बिजागरीवर पेलणार नाही. तिथे काच खालच्या फरशीवर टेकवावी किंवा वेगळा खांब उभारावा. बिजागऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या असाव्यात. मुलामा दिलेली हलकी मिश्रधातू ओलाव्यात लवकर खराब होते.

काच छतापर्यंत नेऊ नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे बंद कोपऱ्यातली वाफ कुठे जाणार? वर मोकळी जागा आणि खिडकीत पंखा नसेल तर सिलिकॉनच्या सांध्यांवर काळी बुरशी धरते. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर आधी तो बाहेर काढावा. कोंडलेल्या जागेत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो.

बोअरच्या जड पाण्याचे क्षार काचेवर पांढऱ्या डागांच्या रूपाने बसतात. अंघोळीनंतर रबरी पट्टीने पाणी ओढून काढणे पुरते. साचलेले डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात. फरशीसाठीचे ॲसिड वापरू नये, त्याने बिजागऱ्यांचा मुलामा उडतो.