सिलिकॉनच्या धारेने सांधा बंद होत नाही

"जुनी फायबरची शिडाची होडी गळतेय? हल (होडीचं खालचं कवच) आणि डेक (वरचं छत) यांच्या सांध्यावर बाहेरून सिलिकॉनची धार मारा, काम फत्ते." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. काम एका दुपारचं, आणि पहिले काही दिवस गळती थांबतेही. म्हणून तो पटणं साहजिक आहे.

पण सांधा असतो कसा ते बघा. 1970-80च्या दशकांतल्या बऱ्याच होड्यांत हलचा वरचा काठ आत वळवलेला असतो. त्यावर डेक डब्याच्या झाकणासारखा बसतो. मध्ये सीलंट (फट बुजवणारा चिकट पदार्थ), वर अॅल्युमिनियमची किंवा लाकडी पट्टी, आणि सगळ्यांतून आरपार बोल्ट. पाणी अनेकदा या बोल्टांच्या भोकांतून शिरतं, आतल्या आत सरकतं आणि भलतीकडेच टपकतं. धार तिथवर पोहोचतच नाही. शिवाय सिलिकॉनचा अंश फायबरवर राहतो. त्यावर नंतर दुसरं सीलंट किंवा रंग नीट धरत नाही.

स्वतः तपासा. आतून सांध्याखाली कोरडा टिश्यूपेपर चिकटवा. बाहेरून पाइपने, जोर न लावता, खालून वर, हातभर भाग घेत पाणी सोडा. एका जागी पाच-दहा मिनिटं. कागद ओला झाला तेव्हा पाइप जिथे होता, त्याच्या आसपास वाट आहे.

मग पट्टी काढा, जुनं सीलंट खरवडा, भोकांची तोंडं किंचित रुंद करा म्हणजे तिथे सीलंटचं कडं बसतं. पॉलियुरेथेन किंवा ब्युटिल प्रकारचं सीलंट भरा. आवळताना बोल्ट फिरवू नका, आतून नट फिरवा. बोल्ट फिरला की ते कडं तुटतं.