खासगी किल्ल्यांच्या टकरींचा शोध (क्रिप्टोचलन) : नैतिक प्रश्न

बिटकॉइन, इथर यांसारख्या क्रिप्टोचलनात एखाद्या पत्त्यावरची रक्कम ज्या गुप्त संख्येच्या सहीने हलवता येते, तिला खासगी किल्ली म्हणतात. अशा संख्या यंत्राकरवी एकामागून एक तयार करायच्या, त्यांपासून निघणारे पत्ते शिल्लक असलेल्या पत्त्यांच्या यादीशी ताडायचे आणि कुठे जुळते का ते पाहायचे, या उद्योगाला ‘टकरींचा शोध’ असे नाव पडले आहे. (व्यवहारात ‘प्रायव्हेट की’ हा शब्द रूढ आहे, पण नुसता ‘की’ मराठी वाक्यात उभयान्वयी अव्ययात हरवतो, म्हणून येथे ‘किल्ली’ वापरला आहे.)

‘टक्कर’ या संज्ञेविषयी मतभेद आहेत आणि नैतिक चर्चेतला बराच घोळ तिथूनच सुरू होतो. बिटकॉइनची किल्ली ही १ पासून २ च्या २५६ व्या घाताच्या किंचित अलीकडपर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या असते. ‘सेकपी२५६के१’ या गणिती वक्रावरून तिची सार्वजनिक किल्ली, म्हणजे इतरांना दाखवता येणारी जोडीची संख्या, निघते. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात ही सार्वजनिक किल्ली आधी ‘शा-२५६’ आणि मग ‘राइपएमडी-१६०’ या फलनांतून (कोणत्याही संख्येचे ठरावीक लांबीचे ‘फल’ देणाऱ्या सूत्रांतून) जाऊन १६० बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या १६० अंकांची, होते. म्हणजे सरासरीने एकेका पत्त्यामागे २ चा ९६ वा घात इतक्या किल्ल्या पडतात. कुलूप एक आणि ते उघडणाऱ्या किल्ल्या अगणित. मूळ धन्याची किल्ली ‘एकमेव’ नसेल तर दुसरी किल्ली शोधणाराही तितकाच हक्कदार ठरतो, असा युक्तिवाद यावरून केला जातो. तो टिकणारा वाटत नाही. रक्कम तिथे कोणी ठेवली, हा प्रश्न किल्ल्यांच्या संख्येने बदलत नाही.

काटेकोर अर्थाने टक्कर म्हणजे एकच फल देणाऱ्या कोणत्याही दोन संख्या सापडणे. वाढदिवसाच्या सुप्रसिद्ध कूटाप्रमाणे (मोजक्या लोकांतही कोणा दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता बरीच असते) १६० बिटांसाठी त्याला सुमारे २ चा ८० वा घात इतके प्रयत्न लागतात. पण यात दोन्ही संख्या शोधणाऱ्याच्याच हातातल्या असतात. तिऱ्हाइताच्या पत्त्याला त्याने धक्का लागत नाही. अनेकांनी मिळून सही करायच्या पत्त्यांत मात्र एक भागीदार दुसऱ्याला असे फसवू शकतो, आणि सेगविट या बिटकॉइनच्या नंतरच्या सुधारणेतील अशा पत्त्यांसाठी २५६ बिटांचे फल घेण्यामागे हेच कारण होते. प्रत्यक्षात शोधक करतात ते वेगळे: दुसऱ्याच्या आधीपासून असलेल्या पत्त्यावर नेम धरून किल्ली शोधणे. शिल्लक असलेले पत्ते पाच कोटी धरले आणि दर सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासल्या, तरी एक जुळणी व्हायला १० चा २० वा घात वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हा ‘टक्कर’ हा शब्द दोन वाटसरूंची चुकून गाठ पडावी असा निष्पाप भास निर्माण करतो. कृती तशी नसते.

सुमारे २०१६ पासून ‘लार्ज बिटकॉइन कोलायडर’ या नावाने स्वयंसेवकांची यंत्रे जोडून असा शोध चालला. स्वयंसेवकांच्या यंत्रांवर शोध चालवणाऱ्यांचा सर्व्हर हवी ती आज्ञावली चालवू शकतो, असा आक्षेप २०१७ मध्ये घेतला गेला. संमतीचा प्रश्न असा पत्त्यांचे धनी आणि स्वयंसेवक या दोन्ही बाजूंनी उभा राहतो. याउलट जानेवारी २०१५ मध्ये एका अनामिकाने एकाच व्यवहारात २५६ पत्त्यांवर चढत्या अवघडपणाने रक्कम ठेवली, ती लोकांनी शोधून घ्यावी म्हणूनच. या कोड्यात धन्याची संमती असल्याने त्यावरचा शोध निर्दोष मानण्यास हरकत नाही.

खरी जोखीम बलवान किल्ल्यांना नाही, दुबळ्या किल्ल्यांना आहे. पाठ करता येईल अशा वाक्यापासून बनवलेल्या ‘ब्रेन वॉलेट’ पत्त्यांच्या अभ्यासात (२०१६) असे ८८४ पत्ते आढळले; २१ सोडून सगळे रिकामे झालेले होते, बहुतेक चोवीस तासांत, काही तर मिनिटांत. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या देणाऱ्या यंत्रणेतला दोष उघड झाला. २०१९ मध्ये एका सुरक्षा संस्थेने इथेरियमवर वापरात आलेल्या ७३२ कमकुवत किल्ल्या नोंदवल्या. प्रयोगासाठी अशा पत्त्यावर ठेवलेली एका डॉलरची रक्कम काही सेकंदांत कोणीतरी उचलून नेली. २०२३ मधील ‘मिल्क सॅड’ प्रकरणात लिबबिटकॉइन एक्सप्लोरर या साधनाची बीजसंख्या (जिच्यापासून किल्ल्या तयार होतात ती) केवळ ३२ बिटांच्या घड्याळी वेळेवर बेतलेली होती. ज्यांचे पैसे गेले त्यांनी साधन सांगितल्याप्रमाणेच वापरले होते, हे विसरता कामा नये.

इथे पेच खरोखर अवघड आहे. किल्ली दुबळी आहे असे प्रामाणिक अभ्यासकाला कळले, तर धन्याला कळवायची सोय नसते, कारण पत्त्यावर नाव नसते. जाहीर करावे तर चोरांना वर्दी मिळते. गप्प बसावे तर आज ना उद्या रक्कम जाणारच. काहींनी रक्कम आधी स्वतःकडे हलवून मग परत केली. डिसेंबर २०१४ मध्ये एका वॉलेट सेवेतील (लोकांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेतील) दोषानंतर टोपणनावाने वावरणाऱ्या एकाने २५० हून अधिक बिटकॉइन असे परत केले. ‘मिल्क सॅड’च्या अभ्यासकांनी रकमेला हात न लावता दोष जाहीर करून धन्यांना स्वतः तपासता येईल अशी सोय दिली. दुसरा मार्ग अधिक सुरक्षित दिसतो. पहिल्यात परत मागणारा खराच धनी आहे हे ठरवण्याचा भार हलवणाऱ्यावर येतो, आणि किल्ली माहीत असणे हा पुरावा तिथे निरुपयोगी झालेला असतो.

भारतीय कायद्यात थेट तरतूद नाही, पण सापडलेल्या वस्तूंविषयीचा विचार जुना आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये (आता भारतीय न्याय संहिता, कलम ३१४) रस्त्यात सापडलेल्या रुपयाचे उदाहरण आहे: धनी माहीत नसताना तो उचलणे हा गुन्हा नव्हे. धनी शोधण्याचे वाजवी प्रयत्न न करता, त्याला पुरेसा अवधी न देता वस्तू स्वतःची करणे मात्र गुन्हा ठरते. करार अधिनियम, १८७२ चे कलम ७१ अशी वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर निक्षेपग्राहीची, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याची, जबाबदारी टाकते. जुन्या संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ हे विशेषण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत ते गळले आहे, त्यामुळे क्रिप्टोचलन त्यात बसवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले असावे. रस्त्यातल्या रुपयाची उपमा मात्र जपून वापरावी लागते. तो रुपया पडलेला असतो. पत्त्यावरची रक्कम कोणीतरी ठेवलेली असते, आणि शोधक तिथे वाट चुकून आलेला नसतो.

बिटकॉइनच्या आरंभीच्या काळातील बऱ्याच रकमांची सार्वजनिक किल्ली उघडीच नोंदलेली आहे. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक झाल्यास त्यांच्या खासगी किल्ल्या काढता येतील. त्या रकमा आधीच गोठवाव्यात की सापडेल त्याला मिळू द्याव्यात, यावर विकासकांत चर्चा चालू आहे.