दाजींच्या वावरात पॅराशूट उतरेल का?

मे महिन्यात चोपड्याहून भाच्याचा फोन आला, म्हणे मामा एक भारी आयडिया आहे, आप्पांचं, म्हणजे माझ्या दाजींचं, ते बारा एकर उन्हाळ्यात नुसतं पडलेलं असतं ना, तिथं स्कायडायव्हिंग सेंटर टाकलं तर? विमान भाड्यानं, इन्स्ट्रक्टर बाहेरून बोलवायचे, आपण फक्त जागा द्यायची आणि चहा विकायचा. मागून दाजींचा आवाज आला, "काय करी राहना रे भो, कोणले फोन लायना?" मी हसलो पण फोन ठेवल्यावर डोक्यात तेच घोळत राहिलं, कारण मी बारावीला फिजिक्स शिकवतो आणि तीन वर्षांपूर्वी स्वतः एकदा टँडेम उडी मारून आलोय, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या छातीला बांधलेलं गाठोडं होऊन. तर रविवारी मोजपट्टी घेऊन गेलोच.

आधी वरचं सांगतो, ते सोपं आहे. १०,००० फुटांवरून पोटावर आडवे पडलात की पहिल्या दहा-बारा सेकंदात वेग वाढत जातो आणि ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास थांबतो, कारण हवेचा विरोध तुमच्या वजनाएवढा होतो. टँडेममध्ये दोन माणसांचं वजन असतं म्हणून मागं एक छोटी छत्री, ड्रोग, सोडतात, नाहीतर वेग फार वाढेल. साधारण ५,००० फुटांवर मोठं पॅराशूट उघडायचं, तोपर्यंत जेमतेम तीस-बत्तीस सेकंद झालेले असतात. पोटात गोळा वगैरे येत नाही, पाळण्यात येतो तसा तर अजिबातच नाही, नुसता वारा. लोकांना भीती ह्याच भागाची वाटते आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी लोक ह्याच भागात मरतात.

पॅराशूट उघडलंच नाही तर? हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी येतो. दोन पॅराशूट असतात, नेहमीचं मेन आणि अडचणीसाठी राखीव रिझर्व्ह. मेन नीट उघडलं नाही तर ते आधी कापून टाकावं लागतं, म्हणजे कात्रीनं नाही. खांद्यावर तीन गोल कड्या असतात, मोठीतून मधली, मधलीतून छोटी ओवलेली, आणि छोटीला एक दोरीचा फासा धरून ठेवतो, फाशातून पिवळी केबल जाते. मी ती हातात घेऊन बघितलीय, आपल्या बैलाच्या कासऱ्याची कडी असते तशीच दिसते. गंमत अशी की प्रत्येक कडी तरफेसारखी वागते, ताण कमी करत जाते, त्यामुळे वर दोन माणसांचं वजन लटकत असताना खाली फाशावर त्यातला टक्काभर उरतो, केबल ओढली की तिन्ही कड्या एका झटक्यात उलगडतात. बिल बूथ नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० च्या दशकात हे काढलं आणि अजून ह्याच्यापेक्षा चांगलं कोणाला सुचलेलं नाही. मग रिझर्व्ह उघडायचं. आणि माणूस बेशुद्धच पडला तर एक छोटा कॉम्प्युटर असतो, १९९१ साली जर्मनीतून सायप्रेस नावानं आला, तो हवेचा दाब मोजत राहतो, ट्रेन्ड जंपरच्या सेटिंगमध्ये ७५० फुटांच्या आसपास येऊनही वेग फार असेल तर रिझर्व्ह बंद ठेवणारा दोरीचा फासा स्वतःच कापतो. ७५० फूट म्हणजे त्या वेगानं जमिनीपर्यंत चार सेकंद. टँडेमचं सेटिंग त्याहून बरंच वर, १,९०० फुटांच्या आसपास ठेवतात.

एवढं सगळं असल्यामुळे आकडे खाली आलेत. अमेरिकेतल्या पॅराशूट असोसिएशनच्या नोंदीत १९७० च्या दशकात वर्षाला चाळीसच्या पुढे माणसं जायची, २०२३ मध्ये साधारण ३६ लाख ५० हजार उड्यांमागे १० गेली. मग ती दहा कशानं जातात, तर त्यातली बरीचशी चांगल्या उघडलेल्या पॅराशूटखाली. उतरताना. बूथच गमतीनं म्हणतो की सामान जेवढं सुरक्षित कराल तेवढी माणसं जास्त चाळे करतील. जमिनीजवळ येऊन एका बाजूची दोरी खसकन ओढली की छत्री वळते आणि माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो, छत्री नाक खाली करते, उंची झपाट्यानं जाते, पुन्हा सरळ व्हायला हवा तेवढा वेळ खाली उरत नाही.

म्हणजे सगळा खेळ शेवटच्या हजार फुटांचा आणि खालच्या जागेचा. आणि जागा दाजींची.

तर बांधावर पोचलो. भाचा टोपी घालून, दाजी लिंबाखाली बसून बघताहेत. नियम असा, अमेरिकन असोसिएशनचा, की एकटा उडी मारणाऱ्या शिकाऊ माणसासाठी चहूबाजूंनी १०० मीटर मोकळं पाहिजे, मोकळं म्हणजे झाडांचा झुपका, घर, विजेच्या तारा, रस्ता, उघडं पाणी काही नको. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१,४०० चौरस मीटर, पावणेआठ एकर. भाचा खूश, मामा आपलं तर बारा एकर आहे! पण वावर कधी गोल असतं का. मोजलं तर लांबी तीनशे मीटर भरली आणि रुंदी एकशे साठ. दोनशे मीटरचं वर्तुळ त्यात बसतच नाही, दोन्हीकडून वीस-वीस मीटर शेजाऱ्याच्या वावरात जातं. शिवाय मधोमध नसली तरी एक विहीर आहे, कोपऱ्यात शेततळं आहे, आणि बांधाला समांतर डीपीपासून पंपापर्यंत गेलेली विजेची लाइन. लाइन वरून दिसत नाही भो. खांब दिसतात, तार नाही. म्हणून शिकवतातच की दोन खांब दिसले की मधे तार आहे असंच समजायचं. आपल्याकडे दीपनगरच्या वीज केंद्राच्या बाजूनं निघणारे हायटेन्शनचे मनोरे तर लांबूनच कळतात, घात करते ती ही वावरातली लाइन.

पण मला खरी मजा आली ती हवेची, कारण आपल्या खान्देशची हवा ह्या खेळासाठी फार खोडकर आहे. दाजींचं वावर नांगरलेली काळी माती आणि पश्चिमेला शेजाऱ्याची केळी, ठिबकवर, हिरवीगार. दुपारी काळी माती तव्यासारखी तापते, तिच्यावरची हवा फुगून वर जाते, आणि केळीवर पाण्याची वाफ होत असल्यामुळे तिथली हवा त्या मानानं थंड, ती खाली बसते. आता छत्री घेऊन तुम्ही केळीवरून वावराकडे येताय, केळीवर धपकन खाली जाल, बांध ओलांडला की कोणीतरी खालून उचलल्यासारखं वर. डोळ्यांनी काही दिसत नाही. आणि त्याच काळ्या मातीवर वावटळ उठते, लहानपणी आम्हाला सांगायचे की त्यात भूत असतं, चप्पल फेकून मार. छत्रीचं कापड म्हणजे पंखासारख्या नळ्या, पुढून हवा शिरते म्हणून फुगलेल्या राहतात, वावटळीत सापडली आणि शिरणारी हवा उलटसुलट झाली की नळ्या पिचकतात. शंभर फुटांवर पिचकल्या तर परत फुगायला जागा नाही. इथं मात्र भूत आहे असं मानलेलंच बरं.

झाडांच्या मागेही असंच, वारा ज्या बाजूनं येतो त्याच्या आड उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत हवा घुसळलेली असते. तीन मीटरची केळी म्हणजे तीस ते साठ मीटर, दाजी बसले होते तो दहा मीटरचा लिंब म्हणजे शंभर ते दोनशे. एकशे साठ मीटरच्या वावरात.

आणि उष्णता. ४५ अंशाला हवा १५ अंशाच्या मानानं साधारण दहा टक्के विरळ होते, त्यामुळे छत्री तेवढ्याच वजनाला पाचेक टक्के जास्त वेगानं जमिनीला लागते आणि धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते म्हणून ती दहा टक्के जास्त. विमानालाही चढायला जड जातं. म्हणजे मे महिन्यात काम सकाळी साडेसहा ते साडेदहा, बास. शिकाऊंसाठी तर अमेरिकन असोसिएशनच्या नियमात वाऱ्याची मर्यादाच ताशी १४ मैल आहे, साडेबावीस किलोमीटर, पुढे गेला की बंद. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही लावल्यात, आपल्याकडे वारा आहे भरपूर.

आता हिशेब बघा, धंद्याचा. चार जंपर मावतील असं छोटं सेसना विमान घेतलं, म्हणजे दोन टँडेम, दोन गिऱ्हाइकं. वर जायला वीस-पंचवीस मिनिटं, खाली येऊन पुन्हा भरायला पाच-सात. तासाला दोन फेऱ्या, चार तासांत सोळा गिऱ्हाइकं, तेही सगळं नीट झालं तर. आणि विमान दाजींच्या वावरातून उडणार नाही, धावपट्टी लागते, मग माणसं धावपट्टीवरून चढणार आणि वावरात उतरणार, पुन्हा जीपनं परत. इथं घाई शिरते. एक टँडेम पॅराशूट घडी घालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, ते सावलीत करावं लागतं कारण नायलॉन उन्हानं कुजतं, आणि घडी घालणाऱ्याच्या डोक्यावर पुढची फेरी उभी असेल तर तो चुकणार. चांगल्या ड्रॉपझोनची, म्हणजे उड्यांच्या जागेची, आखणी म्हणजे पाट्या आणि रंगरंगोटी नाही, घडी घालणारा आणि विमान ह्यांच्यात एवढे जास्तीचे सेट ठेवणं की कोणी कोणाची वाट बघत नाही. माणसं विमानाकडे एकाच वाटेनं, मागच्या बाजूनं जातील अशी दोरी बांधणं, कारण फिरता पंखा दिसत नाही आणि सेल्फीचं वेड आपल्याला माहितीये. टँडेम एका बाजूला उतरतील, वेगानं येणारे पट्टीचे जंपर दुसऱ्या बाजूला, दोन्ही कधी एकमेकांत येणार नाहीत.

आणि विमानातून कुठं सोडायचं, हे तर निव्वळ त्रैराशिक. वर ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर बत्तीस सेकंदांत साडेचारशे मीटर वाहून जाल, मग छत्रीखाली पाच मिनिटं १५ च्या वाऱ्यात सव्वा किलोमीटर. म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला दीड-पावणेदोन किलोमीटरवर दार उघडायचं, छत्रीचा स्वतःचा वेग हाताशी राहतो तो चूक सुधारायला. विमान सेकंदाला चाळीस मीटर जातं, दारात कोणी दहा सेकंद घाबरून थांबला की चारशे मीटर गेले, मागचा बिचारा केळीत.

केळीत पडला की कायदा सुरू. भाच्याला वाटत होतं फॉर्मवर सही घेतली की झालं. माझ्या उडीच्या वेळी तसंच झालं होतं, केंद्राचं नाव नको, पण हार्नेस चढवून पट्टे आवळून झाल्यावर चार पानी इंग्रजी फॉर्म पुढे आला, उभ्यानंच पोऱ्याच्या पाठीवर ठेवून सही केली, वाचायला चष्माही नव्हता. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, फाटलेला होता, ते मी नंतर फोटोत बघितलं. तेव्हा विमानात बसायची घाई.

तर सही म्हणजे काय? तुम्ही खेळाची अंगभूत जोखीम स्वखुशीनं घेतली. उतरताना पाय मुरगळला, तर ते त्यात आलं. पण घडी चुकीची घातली, वारा मर्यादेबाहेर असताना उडवलं, तारांजवळ उतरवलं, तर तो निष्काळजीपणा, आणि सही आहे म्हणून केंद्र आपोआप सुटत नाही. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्यामुळे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो, सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत, आणि महत्त्वाचं म्हणजे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, एकतर्फी कराराची तक्रार मात्र राज्य आयोगाकडे जाते. उडी दुसऱ्या राज्यात मारली तरी जळगावचा माणूस जळगावच्या ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, निष्काळजीपणामुळे मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आणि विमा काढलाय म्हणून निश्चिंत असाल तर पॉलिसीची बारीक अक्षरं बघा, साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात.

हे मी दाजींना सांगत होतो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे जागा आमची, विमान कोणाचं, शिकवणारा कोणाचा, आणि पोलीस कोणाकडे येतील?" माझ्या चार लेक्चरांचं सार त्यांनी एका वाक्यात काढलं. विमानाचा मालक, पायलट, केंद्र, इन्स्ट्रक्टर, घडी घालणारा, जागेचा मालक, प्रत्येकाची जबाबदारी कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे आधी कागदावर नसेल तर नंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि ज्याचा सातबारा असतो तो पळून जाऊ शकत नाही. त्यात परवानग्या. विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं डीजीसीए आहे, २०२२ चं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आहे ज्यात केंद्रं आणि साधनांची नोंदणी सांगितलीय, महाराष्ट्राचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, आणि आकाशही रिकामं नाही, जळगावला प्रवासी विमानं येतात, शिरपूर-धुळ्याकडे ट्रेनिंगची विमानं घिरट्या घालतात, त्या सगळ्यांना आधी कळवायला हवं की अमुक वेळी इथं वरून माणसं पडणार आहेत.

शेजारी तेवढ्यात बांधावर आला होता, त्यानं फक्त एवढंच विचारलं की केळीचा घड मोडला तर भाव त्या दिवशीचा धरणार का रावेरच्या बाजारातला.

दाजींनी आठवड्याभरात ठिबक पसरून कपाशी लावली. भाच्यानं डिसेंबरसाठी दुसऱ्या राज्यातल्या एका केंद्रात टँडेमचं बुकिंग केलंय, फॉर्म मात्र आधीच मेलवर मागवून घेतला आणि मला पाठवला. अठ्ठावीस कलमं आहेत. मी एकोणिसाव्यावर आहे आणि अजून वाऱ्याबद्दल एक शब्द आलेला नाही.